पोकरमधील तोकडी चळत

तोकडी चळत ही पोकर या पत्त्यांच्या खेळातील एक संज्ञा आहे. डावात सक्तीने भराव्या लागणाऱ्या पणांच्या मानाने ज्या खेळाडूपुढे थोड्याच चकत्या शिल्लक आहेत, त्याची चळत तोकडी मानली जाते. खेळाडूंच्या बोलण्यात यासाठी शॉर्ट स्टॅक हाच शब्द रूढ आहे. टेक्सास होल्डेम प्रकारच्या बाद फेरीच्या स्पर्धेत अशा खेळाडूपुढे मधले पदर पडण्यापूर्वी बहुधा दोनच सयुक्तिक पर्याय उरतात : सर्व चकत्या एकदम लावणे, म्हणजे ऑल-इन जाणे, किंवा पत्ते टाकून देणे. या दोहोंपैकी कोणता पर्याय केव्हा निवडावा हा पोकरच्या सिद्धान्तातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला आणि बऱ्याच अंशी गणिताने सोडवलेला प्रश्न आहे. नवशिक्या खेळाडूची सर्वसाधारण समजूत अशी असते की चकत्या कमी असताना चांगल्या पत्त्यांची वाट पाहावी. गणिताचे उत्तर बहुतेक वेळा याच्या उलट येते.

संज्ञा आणि नियम

एकावर एक रचलेल्या नाण्यांना मराठीत चळत म्हणतात. पोकरच्या टेबलावर चकत्याही तशाच रचून ठेवल्या जातात, म्हणून हा शब्द येथे चपखल बसतो. प्रत्येक डावात डीलर बटणाच्या डावीकडील दोन खेळाडूंना पत्ते पाहण्यापूर्वीच ठराविक रक्कम भरावी लागते. त्यांपैकी पहिल्या, लहान रकमेस स्मॉल ब्लाइंड व दुसऱ्या, मोठ्या रकमेस बिग ब्लाइंड म्हणतात. स्पर्धेच्या पुढच्या टप्प्यांत याखेरीज अँटी नावाची आणखी एक रक्कम असते. तीन पत्तीतील बूट म्हणजे जवळजवळ हीच. अलीकडे बऱ्याच स्पर्धांत सर्वांची अँटी बिग ब्लाइंडच्या जागेवरील खेळाडू एकटाच भरतो.

तीन पत्ती खेळलेल्या वाचकाचा येथे गोंधळ होण्याचा संभव आहे. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता खेळणे व ते खेळाडूच्या मर्जीवर असते. पोकरमध्ये ब्लाइंड ही सक्तीची भरणी आहे आणि तिची पाळी बटणाबरोबर टेबलाभोवती फिरत प्रत्येकावर येते.

ऑल-इन म्हणजे समोरच्या साऱ्या चकत्या पणाला लावणे. महाभारताच्या सभापर्वातील द्यूतात युधिष्ठिर राज्य, भाऊ, स्वतः आणि अखेर द्रौपदी अशा क्रमाने पण वाढवत गेला. पोकरचा नियम नेमका याच्या विरुद्ध दिशेने आखलेला आहे. डाव सुरू होताना टेबलावर जेवढे आहे तेवढेच त्या डावात लावता येते. खिशातून भर घालता येत नाही आणि प्रतिस्पर्ध्याने अधिक रक्कम लावली म्हणून कमी चकत्यांच्या खेळाडूला बाहेरही काढता येत नाही. त्याच्या चकत्यांएवढाच भाग मुख्य राशीत धरला जातो व उरलेल्यांच्या जादा रकमेची वेगळी राशी होते. तोकड्या चळतीच्या खेळाडूला ऑल-इन झाल्यावर पुढचे पाचही पत्ते पाहण्याचा हक्क मिळतो तो याच नियमामुळे. नंतर कोणी त्याला दाब देऊन उठवू शकत नाही.

चळत मोजण्याची रीत

चकत्यांचा नुसता आकडा काहीच सांगत नाही. बिग ब्लाइंड १०० असताना ८,००० चकत्या म्हणजे सुखवस्तूपणा आहे. तोच १,००० झाला की त्याच ८,००० चकत्यांवर टांगती तलवार येते. म्हणून चळत बिग ब्लाइंडच्या पटीत मोजतात. साधारणपणे २० पटींच्या खाली चळत तोकडी होऊ लागते. १० ते १२ पटींच्या खाली ऑल-इन किंवा माघार एवढाच खेळ उरतो.

दुसरे माप एम या अक्षराने ओळखले जाते. एका पूर्ण फेरीत, म्हणजे बटण टेबलाभोवती एकदा फिरून येईपर्यंत, जेवढी सक्तीची भरणी होते तिने चळतीला भागले की एम मिळतो. काही न खेळता किती फेऱ्या तग धरता येईल याचा तो अंदाज होय. हे माप बॅकगॅमनचा नामांकित खेळाडू पॉल मॅग्रिएल याच्या नावावरून आले. डॅन हॅरिंग्टन याने बिल रॉबर्टी याच्यासह लिहिलेल्या ‘हॅरिंग्टन ऑन होल्डेम’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडातून २००५ पासून ते सर्वत्र पसरले. हॅरिंग्टनने एमनुसार हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे पट्टे कल्पिले. २० च्या वर हिरवा व ५ च्या आसपास किंवा खाली लाल. लाल पट्ट्यात ऑल-इन हीच एकमेव चाल उरते असे त्याचे प्रतिपादन आहे. एम १ च्याही खाली गेलेल्या खेळाडूला तो मृत म्हणतो, मग त्याच्यापुढे चार चकत्या दिसत असल्या तरी.

गणित : राशी जिंकण्याचे दोन मार्ग

ऑल-इन जाणारा दोन प्रकारे जिंकू शकतो. एक, सर्व प्रतिस्पर्धी पत्ते टाकतात व ब्लाइंड-अँटीची राशी न झगडता मिळते. दोन, कोणी कॉल करतो, म्हणजे बरोबरीने चकत्या लावतो, आणि पाच पदर पडल्यावर ऑल-इन गेलेल्याचे पत्ते सरस ठरतात. उलट, कॉल करणाऱ्याला जिंकण्याचा फक्त दुसराच मार्ग मोकळा असतो. प्रतिस्पर्ध्याच्या माघारीपासून मिळणाऱ्या या जादा लाभाला फोल्ड इक्विटी म्हणतात. तोकड्या चळतीच्या खेळाडूजवळची खरी शिल्लक ती हीच.

नऊ खेळाडूंचे टेबल घेऊ. ब्लाइंड ५०० आणि १,०००, अँटी १,०००, म्हणजे आरंभीची राशी २,५००. बटणावरील खेळाडूजवळ ८,००० चकत्या आहेत, म्हणजे ८ बिग ब्लाइंड. त्याचा एम ३.२ येतो. त्याच्या आधीच्या सर्वांनी पत्ते टाकले आहेत व त्याच्या हाती एकाच रंगातील गुलाम-दश्शी आहे. दोन्ही ब्लाइंडवाल्यांजवळ त्याच्याहून अधिक चकत्या आहेत. हे पत्ते कॉल झाल्यास केवळ ३५ टक्के वेळा जिंकतील असे धरू. बिग ब्लाइंडने कॉल केला तर एकूण राशी १७,५०० होते (दोघांचे ८,०००, स्मॉल ब्लाइंडने सोडलेले ५०० आणि अँटीचे १,०००). तिचे ३५ टक्के म्हणजे ६,१२५. म्हणजे कॉल झाल्यास सरासरी १,८७५ चकत्यांचा तोटा आणि सर्वांनी पत्ते टाकल्यास २,५०० चा नफा. हे दोन आकडे समतोल करणारे माघारीचे प्रमाण ४३ टक्के येते. दोन्ही प्रतिस्पर्धी मिळून याहून अधिक वेळा पत्ते टाकणार असतील तर ही चाल फायद्याची.

ते प्रत्यक्षात किती वेळा टाकतील? स्मॉल ब्लाइंड २० टक्के हातांनी व बिग ब्लाइंड ३५ टक्के हातांनी कॉल करतो असे बरेच सैल गृहीत धरले तरी दोघेही माघार घेण्याचे प्रमाण सुमारे ५२ टक्के राहते. तीनपैकी जवळजवळ दोन वेळा हरणारे पत्ते घेऊनही ऑल-इन जाणे योग्य ठरते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. यात चमत्कार काही नाही. हा नफा पत्त्यांचा नसून बहुतांशी प्रतिस्पर्ध्याच्या माघारीचा आहे.

आता त्याच खेळाडूने गुलाम-दश्शी टाकली आणि दोन फेऱ्या वाट पाहिली असे समजू. प्रत्येक फेरीला २,५०० भरून त्याची चळत आधी ५,५०० व मग ३,००० होते. ब्लाइंड या काळात वाढले नाहीत असे आपण उदारपणे धरले आहे. ३,००० चकत्यांनी तो बटणावरून पुन्हा ऑल-इन गेला, तर बिग ब्लाइंडला एकूण ७,५०० ची राशी मिळवण्यासाठी आणखी फक्त २,००० घालायचे असतात. म्हणजे त्याला २७ टक्के विजयाची शक्यता पुरेशी होते. पोकरमधील सर्वांत वाईट समजले जाणारे दोन रंगांचे सत्ती-दुर्रीसुद्धा कोणत्याही यादृच्छिक पत्त्यांविरुद्ध सुमारे ३५ टक्के वेळा जिंकतात. तेव्हा बिग ब्लाइंड पत्ते टाकण्याचे काही कारण राहत नाही. ८,००० असताना त्याच बिग ब्लाइंडला ४० टक्क्यांची गरज होती व अर्धेअधिक हात त्याला टाकावे लागत होते.

याहून बोलका आकडा पुढचा आहे. ३,००० चकत्या लावून, एकाच्या कॉलनंतर जिंकून हा खेळाडू ७,५०० वर पोहोचतो. म्हणजे सर्व काही मनासारखे घडूनही तो दोन फेऱ्यांपूर्वी जेथे होता त्याच्या खालीच असतो.

वाट पाहण्याच्या बाजूने एकच युक्तिवाद करता येतो : दरम्यान उत्तम पत्ते येतील. दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्यांपैकी एक्क्यांची, राजांची वा राण्यांची जोडी आणि एक्का-राजा मिळून ३४ जोड्या होतात, म्हणजे ३९ डावांत एकदा. दोन फेऱ्यांच्या १८ डावांत यांपैकी एक तरी येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. उरलेल्या ६३ टक्के वेळा खेळाडू नुसताच झिजतो. आणि पत्ते आलेच तरी आदल्या फेरीत आले तर जितक्या चकत्या दुप्पट झाल्या असत्या तितक्या आता होत नाहीत.

हे विवेचन उलट टोकाला नेता येत नाही. २०,००० चकत्यांची, म्हणजे २० बिग ब्लाइंडची चळत त्याच गुलाम-दश्शीवर लावायची तर लागणारे माघारीचे प्रमाण ६९ टक्क्यांवर जाते. तेथे ऑल-इन ही आततायी चाल ठरते आणि लहानसा रेझ करणे किंवा दुसऱ्याच्या रेझवर ऑल-इन जाणे असे अन्य मार्ग खुले असतात.

जागा, आणि कॉल करणे

टेबलावरील जागा पत्त्यांइतकीच महत्त्वाची असते. बोलायचे बाकी असलेला प्रत्येक खेळाडू त्याच्या सर्वोत्तम १० टक्के हातांनी कॉल करतो असे मानले, तर बटणावरून दोघांनीही माघार घेण्याची शक्यता ८१ टक्के असते. नऊजणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून आठांना पार करायचे असते. तेथे ती ४३ टक्क्यांवर येते. म्हणून पहिल्या जागेवर १० बिग ब्लाइंड असताना मध्यम जोड्या, मोठ्या एक्क्यांचे हात आणि मोजकी चित्रे एवढ्यांवरच ऑल-इन जावे, तर स्मॉल ब्लाइंडवरून, समोर एकटा बिग ब्लाइंड उरला असताना, निम्म्याहून अधिक हात त्यासाठी चालतात.

ऑल-इन जाण्यासाठी लागतात त्याहून चांगले पत्ते दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करण्यासाठी लागतात. डेव्हिड स्क्लान्स्की याने या फरकाला गॅप असे नाव दिले. कारण वर आलेच आहे : कॉल करणाऱ्याजवळ फोल्ड इक्विटी नसते. लहान एक्का, उदाहरणार्थ एक्का-पंजी, हा या बाबतीत फसवा हात आहे. शेवटच्या जागेवरून ऑल-इन जाण्यास तो चांगला. कॉल करण्यास बरेचदा वाईट, कारण समोर एक्का-राजा असल्यास तो साधारण चारांत एकदाच जिंकतो. याउलट एकाच रंगातील लागोपाठचे पत्ते एक्का-राजाविरुद्धही ४० टक्क्यांच्या आसपास तग धरतात.

लोकलमधील रमी आणि पोकर

मध्य रेल्वेच्या कसारा व कर्जत मार्गांवरील लोकलमध्ये, विशेषतः कल्याण, डोंबिवली व ठाणे येथून मुंबईकडे रोज जाणाऱ्या नोकरदारांत, पत्त्यांचे गट जुने आहेत. डबा ठरलेला, सोबती ठरलेले, मांड्यांवर आडवी बॅग किंवा वर्तमानपत्र, आणि स्थानक येईपर्यंत रमी किंवा मेंढीकोट. या भागातील अनेकांची पत्त्यांची जाण रमीवर घडलेली असते. पोकरमध्ये येताना ती कोठे उपयोगी पडते व कोठे आडवी येते हे पाहणे उद्बोधक आहे.

तेरा पत्त्यांच्या गुणांच्या रमीत वाईट पत्ते आल्यास पहिल्याच चालीपूर्वी डाव सोडता येतो. त्याचे मोल ठराविक, प्रचलित हिशेबात २० गुण. पूर्ण हरल्यास ८०. म्हणजे थांबणे स्वस्त आणि चुकीचे धाडस महाग. पुढच्या डावात सोडण्याची किंमत तेवढीच राहते. ज्याला हा हिशेब अंगवळणी पडला आहे तो पोकरच्या स्पर्धेतही पत्ते टाकत बसतो आणि ते शहाणपणाचे समजतो. पोकर स्पर्धेत मात्र ब्लाइंड ठराविक वेळाने वाढतात. थांबण्याचा दर चढता असतो.

तरीही रमीच्याच एका प्रकारात तोकड्या चळतीचा नेमका प्रतिरूप सापडतो. १०१ च्या पूल रमीत ज्याचे गुण १०१ वर पोहोचतात तो बाद होतो. ८० गुणांवरचा खेळाडू २० गुण देऊन डाव सोडू शकतो, कारण तो १०० वर राहतो. ८१ वर तो सोडू शकत नाही. पत्ते कसेही असोत, डाव खेळणे त्याला भाग असते, आणि हे इतर सर्वांना ठाऊक असते. मुरलेला रमीपटू ८१ ला पोहोचण्याच्या आधीचे डाव जपून निवडतो, कारण निवडीचे स्वातंत्र्य तेथे संपणार हे त्याला कळते. पोकरमधील ३ बिग ब्लाइंडची चळत म्हणजे रमीतील ८१ गुण. फरक इतकाच की रमीत ही रेषा कागदावर लिहिलेली असते आणि पोकरमध्ये ती स्वतःच मोजावी लागते.

तीन पत्तीची सवय दुसऱ्या बाजूने नडते. तेथे न पाहता चाल वाढवत नेऊन समोरच्याला पॅक करायला लावणे हे कौशल्य मानले जाते. फोल्ड इक्विटीची सहज जाण त्यातून येते हे खरे. पण तीन पत्तीत चळतीचे माप आणि सक्तीच्या पणांचे प्रमाण यांचा हिशेब कोणी ठेवत नाही, त्यामुळे ३० बिग ब्लाइंड असतानाही त्याच तडफेने ऑल-इन जाण्याचा मोह होतो.

बक्षिसांची शिडी

आतापर्यंत चकत्या मोजल्या. स्पर्धेत मात्र चकत्या विकून पैसे मिळत नाहीत. बक्षिसे क्रमांकानुसार असतात, त्यामुळे मिळवलेल्या चकतीचे मोल गमावलेल्या चकतीपेक्षा कमी भरते. हा हिशेब करण्याची रूढ पद्धत इंडिपेन्डन्ट चिप मॉडेल किंवा आयसीएम या नावाने ओळखली जाते. तिचा पाया डेव्हिड हार्व्हिल याने १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीतील क्रमांकांच्या शक्यता काढण्यासाठी मांडलेल्या सूत्रात आहे. मेसन मॅलमथ याने १९८७ मध्ये ते पोकरला लावले. पहिला येण्याची शक्यता चकत्यांच्या प्रमाणात धरायची. पहिला बाजूला काढून उरलेल्यांत दुसऱ्यासाठी तेच करायचे, आणि असेच खाली यायचे.

तीन खेळाडू उरले आहेत, त्यांच्याकडे ५,०००, ३,००० आणि २,००० चकत्या आहेत व बक्षिसे ५०, ३० आणि २० अशी आहेत असे धरू. २,००० वाला पहिला येण्याची शक्यता २० टक्के, दुसरा येण्याची सुमारे २८.६ टक्के. त्यावरून त्याच्या चळतीचे मोल २८.९ निघते. पाचवा हिस्सा चकत्यांवर त्याचा बक्षिसांतील वाटा पाचव्या हिश्शाहून बराच मोठा आहे. ५,००० वाल्याचे मोल ५० नसून ३८.४ आहे. आता लहान खेळाडूने ३,००० वाल्याविरुद्ध सर्व चकत्या लावल्या आणि जिंकला, तर ४,००० चकत्यांसह त्याचे मोल ३६.४ होते. हरल्यास तिसरे बक्षीस, म्हणजे २०. जिंकण्यात ७.६ ची वाढ आणि हरण्यात ८.९ ची घट. म्हणून ब्लाइंड बाजूला ठेवल्यास त्याला ५० नव्हे, सुमारे ५४ टक्के विजयाची खात्री हवी.

हा फरक बक्षीसपात्र क्रमांकाच्या उंबरठ्यावर सर्वाधिक असतो. सॅटेलाइट स्पर्धेत, जेथे पहिल्या काहींना मोठ्या स्पर्धेचा प्रवेश सारखाच मिळतो, तो टोकाला जातो. तेथे चार खेळाडू व तीन प्रवेश उरले असताना, दुसरा कोणी पुढच्याच डावात संपणार असेल, तर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणे बरोबर ठरू शकते. तोकड्या चळतीला घाई करण्याचा जो सल्ला वर आला आहे त्याला एवढा अपवाद नेहमी जोडावा लागतो : आपल्याहून तोकडी चळत टेबलावर आहे का, हे आधी पाहावे.

पैशाच्या साध्या खेळात, जेथे चकत्या म्हणजेच पैसे असतात, ही चर्चा फारशी लागू पडत नाही. ब्लाइंड वाढत नाहीत व चळत कमी झाल्यास दोन डावांच्या मध्ये भर घालता येते.

इतिहास आणि संशोधन

पोकरने गणितज्ञांना आधीपासून आकर्षित केले आहे. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या द्यूतसिद्धान्तावरील ग्रंथात पोकरच्या सोप्या प्रतिकृतीचे विश्लेषण असून, कमकुवत पत्त्यांवर कधीकधी मोठा पण लावणे हा लहरीपणा नसून योग्य धोरणाचा आवश्यक भाग आहे, असे त्यातून निघते. जॉन नॅश याने १९५० मधील प्रबंधात समतोलाची कल्पना मांडताना तीन खेळाडूंच्या लहान पोकरचे उदाहरण घेतले. आज ऑल-इन किंवा माघार यांचे जे तक्ते वापरले जातात ते याच समतोलावर बेतलेले असतात. आपले धोरण समोरच्याला पूर्ण ठाऊक असले तरी त्याला त्याचा फायदा घेता येऊ नये, ही त्यामागची अट.

डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाचे पीटर ब्रो मिल्टरसन व ट्रोल्स ब्येरे सोरेनसन यांनी २००७ मध्ये दोघांतील अंतिम लढतीचा अभ्यास केला. ब्लाइंड ३०० व ६०० आणि दोघांच्या मिळून ८,००० चकत्या अशी स्थिती त्यांनी घेतली. केवळ ऑल-इन किंवा माघार एवढ्याच दोन चाली वापरणारे धोरण, सर्व चाली मोकळ्या असलेल्या सर्वोत्तम धोरणाच्या तुलनेत विजयाच्या शक्यतेत फार तर १.४ टक्के बिंदूंनी कमी पडते, असे त्यांनी दाखवले. तोकड्या चळतीत बारकाव्यांना जागा उरत नाही, या खेळाडूंच्या अनुभवाला त्यातून आधार मिळाला.

व्यवहारात सर्वाधिक सांगितली जाणारी कथा जॅक स्ट्रॉस याची आहे. १९८२ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये त्याच्याजवळ ५०० ची एकच चकती उरली होती आणि तेथून त्याने मुख्य स्पर्धा जिंकली. एक चकती आणि एक खुर्ची असली की पुरे, अशा अर्थाची खेळाडूंची म्हण या प्रसंगाशी जोडली जाते. कथा खरी आहे, पण धोरण म्हणून ती दिशाभूल करते. एका चकतीवर आलेले आणि तेथेच संपलेले खेळाडू कोणी मोजलेले नाहीत.

महाराष्ट्र व गोव्यातील कायदेशीर स्थिती

या निर्णयात कौशल्य किती व दैव किती हा प्रश्न भारतात केवळ तात्त्विक नाही, कारण कायदा त्यावरच उभा आहे. महाराष्ट्रात मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम, १८८७ हा ब्रिटिशकालीन कायदा नामांतरासह लागू आहे. त्याच्या कलम ४ नुसार जुगारगृह चालवणे व कलम ५ नुसार तेथे खेळताना आढळणे गुन्हा आहे. कलम १२ सार्वजनिक जागांतील जुगाराविषयी आहे. कलम १३ केवळ कौशल्याच्या खेळांना यातून वगळते. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी आदी शहरांत ठाणे पोलीस आयुक्तालयामार्फत या कायद्याची अंमलबजावणी होते. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण व कर यांसाठी कायदा केला होता, पण तो कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय सरकारने घेतला.

कौशल्य म्हणजे काय याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात घालून दिली. तो वाद वृत्तपत्रांतील बक्षीसस्पर्धांचा होता. १९६८ मध्ये आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या निकालात रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरला आणि त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ दैवाधीन म्हटले गेले. लोकलमधले दोन शेजारी खेळ असे कायद्याच्या दोन बाजूंना पडले. पोकरबाबत मात्र एकवाक्यता नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज व रमीबरोबर पोकर वगळलेले आहे. नागालँडच्या कायद्यातही पोकरची गणना कौशल्याच्या खेळांत आहे. गुजरात उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने डिसेंबर २०१७ मध्ये उलट मत दिले व पोकरला जुगार ठरवले. तोकड्या चळतीचा खेळ दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून वापरता येईल असा आहे : निर्णय केव्हा घ्यावा हे पूर्णपणे मोजता येते, आणि निर्णय झाल्यानंतरच्या पाच पदरांवर कोणाचेही काही चालत नाही.

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ व १९९६ साली झालेल्या दुरुस्त्यांनुसार पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना आणि किनाऱ्यालगतच्या जहाजांवर टेबलावरील खेळांना परवानगी मिळते. पणजी येथे मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या डेल्टिन रॉयल या जहाजावर पोकरच्या मोठ्या स्पर्धा झाल्या आहेत. वर्ल्ड पोकर टूरची भारतातील पहिली स्पर्धा २०१७ मध्ये तेथेच भरली. ठाणे स्थानकावरून कोकण रेल्वेची रात्रीची गाडी धरून गोव्यात जाणे हा मुंबई परिसरातील खेळाडूंसाठी समोरासमोर, कायदेशीरपणे खेळण्याचा सर्वांत जवळचा मार्ग राहिला आहे.

दूरध्वनी संचावरून खेळणाऱ्यांना तेवढाही प्रवास करावा लागत नव्हता. ऑनलाइन स्पर्धांत ब्लाइंड काही मिनिटांतच वाढतात, त्यामुळे तेथे बहुतेक काळ सर्वांचीच चळत तोकडी असते आणि शुल्क भरून पुन्हा प्रवेश घेण्याची सोय एका टिचकीवर असते. एका स्पर्धेतील ऑल-इनचे नुकसान चळतीपुरते मर्यादित असते, पण पुन्हा प्रवेशाला तशी मर्यादा नसल्यास टेबलावरील नियमाने घातलेला बांध फुटतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला. त्यास २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की दैव हा भेद न करता पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांना त्यात मनाई आहे. असे खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खेळणाऱ्यास शिक्षेची तरतूद नाही. यानंतर प्रमुख भारतीय संकेतस्थळांनी पैशाचा पोकर बंद केला. कायद्याच्या वैधतेस आव्हान देणाऱ्या, निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.